सीएनसी मशीनवरील होमिंग आणि ओव्हरट्रॅव्हलचे अलार्म : कोठून सुरुवात करावी आणि काय टाळावे

सीएनसी मशीनवर नव्याने उभा राहिलेला ऑपरेटर किंवा आयटीआय करून नुकताच मेंटेनन्समध्ये आलेला मुलगा ज्या अलार्मांना सर्वांत जास्त बिचकतो, त्यांत होमिंग आणि ओव्हरट्रॅव्हल हे दोन नक्की असतात. होमिंग म्हणजे अक्षाला त्याच्या ठरलेल्या मूळ जागेवर, म्हणजे होमवर, नेणे आणि ओव्हरट्रॅव्हल म्हणजे अक्षाने प्रवासाची हद्द ओलांडणे. वास्तविक या दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा महागडा भाग बिघडलेला नसतो. अडकलेला स्विच, सैल झालेला डॉग (अक्षासोबत येऊन स्विच दाबणारा तुकडा), तुटलेली तार, उतरलेली बॅटरी किंवा प्रोग्राममधली एखादी ओळ एवढ्यावरच शोध संपतो. खरे नुकसान होते ते अलार्म आल्यानंतर, म्हणजे मशीन लवकर चालू करण्याच्या घाईत अक्ष चुकीच्या दिशेला सरकवला जातो, लिमिट बायपास केली जाते किंवा पॅरामीटर (कंट्रोलमधल्या सेटिंगचा आकडा) बदलून तसाच ठेवला जातो तेव्हा.

हा लेख फानुक ०आय मालिकेचा कंट्रोल असलेले व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे व्हीएमसी, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. चाकण-भोसरीपासून सातपूर, वाळूज आणि शिरोलीपर्यंतच्या शॉपमध्ये असे मशीन सर्रास आढळते. लेथवर किंवा दुसऱ्या कंट्रोलवर आकडे आणि बटणे बदलतील, पण शोध घेण्याचा क्रम तोच राहील.

हाताशी काय असावे

- मशीन बनवणाऱ्या कंपनीचे मेंटेनन्स मॅन्युअल आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग. कंट्रोलचे मॅन्युअल वेगळे असते; दोन्ही लागतात.
- मशीनसोबत आलेली पॅरामीटरची छापील यादी आणि कार्डवर किंवा पेनड्राइव्हवर घेतलेला ताजा बॅकअप.
- मल्टिमीटर, ॲलन की संच, टॉर्च, स्टीलची पट्टी, लाकडी काठी, ब्रश आणि कापड.
- मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ मिमीचा डायल.
- हेडखाली टेकू म्हणून ठेवता येईल असा भक्कम लाकडी ठोकळा.
- वही. अलार्म क्रमांक, अक्ष, वेळ आणि त्या क्षणी मशीन काय करत होते, हे लिहिण्यासाठी.

पॅरामीटरचा बॅकअप नसेल तर तो आधी घ्यावा आणि मगच पुढे जावे. मूळ आकडा कुठेच नोंदलेला नाही असे मशीन दुरुस्त करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

१. रीसेट दाबण्याआधी पडदा वाचा

अलार्म दिसताच रीसेटवर बोट जाते. तो दाबण्यापूर्वी अलार्मचा पूर्ण क्रमांक आणि पुढे लिहिलेले अक्षाचे नाव टिपून घ्यावे, कारण दुरुस्तीचा मार्ग त्यावरच ठरतो.

ओटी ०५०० आणि ओटी ०५०१ हे सॉफ्ट लिमिटचे अलार्म आहेत. पहिला अधिक दिशेचा, दुसरा उणे दिशेचा. येथे कोणताही स्विच दाबला गेलेला नसतो. पॅरामीटर १३२० आणि १३२१ मध्ये लिहिलेली हद्द मशीनच्या निर्देशांकाने ओलांडली, एवढाच त्याचा अर्थ. ओटी ०५०६ आणि ओटी ०५०७ हे हार्ड लिमिटचे अलार्म आहेत. येथे शेवटचा स्विच प्रत्यक्ष दाबला गेला आहे, किंवा त्याची तार तुटल्यामुळे कंट्रोलला तसे वाटते आहे. पीएस ००९० म्हणजे होमिंग सुरू झाले पण पूर्ण झाले नाही. पीएस ०२२४ म्हणजे होम न घेताच प्रोग्राम चालवायला घेतला. डीएस ०३०० म्हणजे ॲब्सोल्यूट एन्कोडरची (मोटरचे फिरणे मोजणारा आणि वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणारा भाग) जागा हरवली असून पुन्हा रेफरन्स, म्हणजे होम, द्यावा लागेल.

काही मशीनांवर हार्ड लिमिट इमर्जन्सीच्या साखळीतच जोडलेली असते. तेव्हा ओव्हरट्रॅव्हलचा क्रमांक दिसतच नाही. सर्व्हो, म्हणजे अक्ष चालवणाऱ्या मोटरी, बंद पडतात आणि पडद्याच्या तळाशी इमर्जन्सीची खूण लुकलुकत राहते. ऑपरेटर इमर्जन्सीचे बटण पुन्हा पुन्हा फिरवून सोडत बसतो आणि मशीन काही केल्या तयार होत नाही. असे दिसले की सर्व अक्षांची टोके आधी पाहावीत.

२. अक्ष प्रत्यक्षात कोठे उभा आहे ते पाहा

पोझिशनच्या पानावर मशीनचे निर्देशांक उघडा. मग दरवाजा उघडून टेबल, सॅडल आणि हेड खरोखर कोठे आहेत ते पाहा आणि दोन्हींची तुलना करा. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी बहुतेक जण ते टाळतात.

टेबल प्रवासाच्या मधोमध उभे आहे आणि तरीही सॉफ्ट लिमिटचा अलार्म आहे, तर निर्देशांकच खोटा आहे. होम हरवले आहे किंवा चुकीच्या जागी घेतले गेले आहे. टेबल मधोमध असून हार्ड लिमिटचा अलार्म असेल, तर स्विच, तार किंवा रिले यांत दोष आहे. टेबल खरोखर टोकाला असेल, तर आधी त्याला सुखरूप मागे आणायचे आणि नंतर ते तेथवर का गेले हे शोधायचे.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. इन्क्रिमेंटल एन्कोडर (वीज गेली की जागा विसरणारा) असलेल्या मशीनवर वीज दिल्यापासून पहिले होम पूर्ण होईपर्यंत सॉफ्ट लिमिट सामान्यतः लागू नसते, कारण कंट्रोलला स्वतःची जागाच ठाऊक नसते. त्या काळात अक्षाला अडवणारा फक्त हार्ड लिमिटचा स्विच आणि त्यामागचा यांत्रिक स्टॉपर असतो. म्हणून सकाळचे पहिले होम नेहमी कमी रॅपिड ओव्हरराइडवर (जलद गतीची टक्केवारी कमी ठेवून) घ्यावे. किती कमी, याचीही एक हद्द आहे. ती पाचव्या पायरीत येईल.

३. सॉफ्ट लिमिट लागली असेल तर

रीसेट करा, जॉग किंवा हँडल मोड घ्या, अक्ष उलट दिशेला आणा आणि पुन्हा रीसेट करा. बहुतेक वेळा अलार्म येथेच जातो. मग प्रोग्राम तपासा, कारण होम बरोबर असताना आलेली सॉफ्ट लिमिट बहुधा प्रोग्राममधून किंवा ऑफसेटमधून येते.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे जी ९१ तसाच राहणे. झेड वर नेण्यासाठी ‘जी ९१ जी २८ झेड ०’ ही ओळ लिहिली जाते, पण पुढच्या ओळीत जी ९० लिहायचा राहतो. मग ‘एक्स ४००’ चा अर्थ ‘४०० वर जा’ असा न राहता ‘आहे तेथून आणखी ४०० सरक’ असा होतो आणि टेबल हद्द ओलांडते. दुसरे कारण जी ५४ मध्ये, म्हणजे जॉबच्या शून्याच्या नोंदीत, चुकून दुसऱ्या जॉबचा आकडा असणे. तिसरे कारण टूल लेंग्थ ऑफसेटमध्ये चिन्ह किंवा दशांश चुकणे. दशांशबिंदू नसलेला आकडा मिमी धरायचा की मायक्रॉन, हे कंट्रोलच्या सेटिंगवर अवलंबून असते. म्हणून एका मशीनवर नीट चाललेला प्रोग्राम शेजारच्या मशीनवर अलार्म देऊ शकतो.

निर्देशांकच खोटा असेल आणि सॉफ्ट लिमिट कोणत्याच दिशेला हलू देत नसेल, तर वीज देताना एमडीआय पॅनेलवरील (पडद्याजवळच्या कीबोर्डवरील) ‘पी’ आणि ‘कॅन’ ही दोन बटणे एकत्र दाबून धरावीत. त्या वेळेपुरती सॉफ्ट लिमिटची तपासणी होत नाही. काही जण त्याऐवजी १३२० आणि १३२१ मध्ये मोठे आकडे भरून मोकळे होतात. ही वाट शक्यतो धरू नये. धरावीच लागली तर मूळ आकडे वहीत लिहून, होम झाल्याबरोबर ते परत भरावेत. आठवडाभराने कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि पुढच्या चुकीला अडवणारी पहिली भिंत नाहीशी झालेली असते.

४. हार्ड लिमिटमधून बाहेर येताना

इमर्जन्सीच्या साखळीत लिमिट असलेल्या मशीनच्या पॅनेलवर ओव्हरट्रॅव्हल रिलीजचे बटण किंवा चावी असते. ते दाबून धरले की सर्व्हो तयार होतात आणि अक्ष हलवता येतो. मात्र तेवढा वेळ लिमिटचे संरक्षणही काढलेले असते. चुकीच्या दिशेला हात गेला तर पुढे यांत्रिक स्टॉपरच आहे आणि त्यावरच्या आघाताचा भार बॉल स्क्रूच्या नटवर, बेअरिंगवर आणि कपलिंगवर येतो.

दिशेचा घोळ येथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्यावे. सीएनसीमध्ये अक्षाची दिशा टूलच्या दृष्टीने ठरवलेली असते. टूल जॉबच्या कोणत्या बाजूला जाणार, त्यावर. पण व्हीएमसीवर एक्स आणि वायमध्ये टूल हलत नाही, टेबल हलते. त्यामुळे एक्स अधिक दाबल्यावर समोर उभ्या असलेल्या माणसाला टेबल डावीकडे जाताना दिसते आणि वाय अधिक दाबल्यावर ते त्याच्याकडे येताना दिसते. टेबल डाव्या टोकाला अडकले आहे, म्हणजे एक्स अधिकची लिमिट लागली आहे आणि सुटका एक्स उणेमध्ये आहे. ‘टेबल उजवीकडे न्यायचे म्हणून अधिक’ असा विचार करणारा माणूस नेमका स्टॉपरवर जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा. अलार्मवरून दिशा निश्चित करावी. हँडल मोडमध्ये योग्य अक्ष निवडून गुणक लहान ठेवावा. रिलीज बटण धरून हँडल केवळ दोन-चार घरे फिरवावे आणि पडद्यावरचा आकडा नव्हे, तर टेबल पाहावे. ते टोकापासून दूर जात असेल तरच पुढे फिरवावे. स्विच सुटला की रिलीज बटण सोडावे, रीसेट करावे आणि अक्ष निदान काही सेंटिमीटर आत आणावा.

झेडच्या बाबतीत आणखी काळजी हवी. हेडचे वजन ब्रेकवर आणि मोटरवर असते. मोटर, कपलिंग किंवा ब्रेकला हात लावायचा असेल तर हेडखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. कॅबिनेट उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे आणि सर्व्हो ॲम्प्लिफायरवरील चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबावे.

५. होमिंग पूर्ण होत नसेल तर अक्षाची चाल पाहा

डॉग वापरणाऱ्या मशीनवर होमिंग कसे होते ते आधी समजून घेऊ. अक्ष रॅपिड गतीने होमच्या दिशेला निघतो. डॉग स्विचवर आला की डिसिलरेशनचा सिग्नल १ वरून ० होतो आणि अक्ष पॅरामीटर १४२५ मधल्या संथ गतीवर येतो. डॉग स्विचवरून सुटला की सिग्नल पुन्हा १ होतो. त्यानंतर एन्कोडरच्या एका फेऱ्यातून एकदाच येणाऱ्या खुणेशी बांधलेला जो पहिला ग्रिड बिंदू लागतो, तेथे अक्ष थांबतो आणि पॅनेलवरचा होमचा दिवा लागतो.

एवढे डोक्यात असले की मल्टिमीटर हातात घेण्यापूर्वीच, अक्ष कसा चालतो ते पाहून दोष कोठे आहे ते बरेचसे कळते.

अक्ष रॅपिडने जातो, कोठेही संथ होत नाही आणि थेट लिमिटवर जातो : सिग्नल ० होतच नाही. डॉग सैल होऊन सरकला आहे किंवा प्रॉक्सिमिटी स्विच (न दाबता, धातू जवळ येताच लागणारा) आणि डॉग यांतले अंतर वाढले आहे.

अक्ष पहिल्या क्षणापासूनच रांगत निघतो आणि तसाच रांगत लिमिटवर जातो : सिग्नल कायम ० आहे. बहुधा तार तुटली आहे, स्विचचा प्लंजर आत अडकून बसला आहे, स्विचला वीज पोहोचत नाही किंवा त्यात कूलंट शिरले आहे.

रॅपिडने जातो, डॉगवर संथ होतो, डॉग सोडतोही, पण थांबत नाही : एन्कोडरची खूण मिळत नाही. एन्कोडरची केबल आणि तिचा कनेक्टर पाहावा. मोटरच्या टोकाशी कूलंट साचत असेल तर संशय तेथेच घ्यावा.

हालचाल ठीक दिसते, पण पीएस ००९० येतो : अक्ष होमच्या फार जवळून निघाला किंवा गती फार कमी होती. या दुसऱ्या कारणाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. होमिंग सुरू असताना पोझिशन एरर (सांगितलेली आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक) सामान्यतः निदान १२८ पल्स असावा लागतो. पोझिशन गेन ३० आणि एक पल्स म्हणजे ०.००१ मिमी धरली, तर ०.१२८ गुणिले ३० गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला सुमारे २३० मिमी एवढी तरी गती हवी. नवखा माणूस सावधगिरी म्हणून रॅपिड ओव्हरराइड अगदी तळाला ठेवतो, गती या आकड्याखाली जाते आणि अलार्म येतो. अशा वेळी अक्ष होमपासून शंभरेक मिमी दूर आणून, २५ टक्के ओव्हरराइडवर पुन्हा होम घेऊन पाहावे. मशीन दुरुस्त करण्यापूर्वी एवढे करून पाहण्यास काहीच हरकत नाही.

क्रमाविषयी एक सूचना : व्हीएमसीवर नेहमी झेड आधी, मग एक्स आणि वाय. लेथवर बहुधा एक्स आधी, म्हणजे टूल जॉबपासून आणि टेलस्टॉकपासून दूर होते.

६. स्विच, डॉग आणि केबल तपासण्याची पद्धत

पीएमसीच्या (स्विच आणि रिलेचे सिग्नल हाताळणारा कंट्रोलचा भाग) सिग्नलच्या पानावर जा. फानुकमध्ये डिसिलरेशनचे इनपुट ठरलेल्या पत्त्यावर असतात : पहिल्या अक्षाचा एक्स ९.०, दुसऱ्याचा एक्स ९.१, तिसऱ्याचा एक्स ९.२. हार्ड लिमिटचे सिग्नल लॅडरमधून (पीएमसीच्या प्रोग्राममधून) अधिक दिशेसाठी जी ११४ आणि उणे दिशेसाठी जी ११६ वर जातात. एकाने पडद्यासमोर उभे राहावे आणि दुसऱ्याने इमर्जन्सी दाबलेल्या स्थितीत लाकडी काठीने स्विचचा प्लंजर दाबावा. प्रॉक्सिमिटी स्विच असेल तर त्यासमोर स्टीलची पट्टी धरावी. पडद्यावरचा बिट प्रत्येक वेळी बदलला पाहिजे.

स्विचवरचा दिवा लागतो पण बिट बदलत नाही, तर दोष तारेत किंवा इनपुट कार्डाकडे आहे. दिवाच लागत नाही, तर स्विच किंवा त्याची वीज. बिट बदलतो पण प्लंजर सोडल्यावर लगेच परत येत नाही, तर प्लंजरच्या बुडाशी वंगण, बारीक चिप्स आणि वाळलेले कूलंट यांचा काळा लेप बसला आहे. त्याला नुसते स्प्रे मारून भागत नाही; स्विच काढून, साफ करून, रबरी सील फाटले आहे का ते पाहावे. सील फाटले असेल तर स्विच बदलावा.

स्विच नीट आहे, तरी अलार्म अधूनमधून येतो असे असेल, तर ड्रॅग चेनमधली केबल संशयित धरावी. हँडलने किंवा संथ जॉगने अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा आणि बिटवर नजर ठेवावी. ठरावीक ठिकाणी केबल वाकताना बिट क्षणभर लुकलुकला, तर तार आतून तुटली आहे, वरचे आवरण कितीही चांगले दिसले तरी. तुटलेली तार चेनमध्येच जोडून टेप लावणे हा उपाय नाही; जोड पुन्हा तेथेच वाकतो आणि तेथेच सुटतो. पूर्ण केबल बदलावी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे शॉप मनापासून मशीन धुऊन-पुसून काढते आणि एअर गनने कोपराकोपरा उडवते. त्या हवेने चिप्स टेलिस्कोपिक कव्हरखाली, थेट डॉगच्या पट्टीवर जाऊन बसतात. पूजेनंतर मशीन सुरू करताना होमिंगच्या तक्रारी आल्या तर आधी कव्हर उचलून पाहावे. स्विचच्या आसपास हवा मारायची नाही, ब्रश आणि कापड वापरायचे, हा नियम वर्षभर पाळण्यासारखा आहे.

७. होम झाले, अलार्म नाही, पण जागा चुकली

माझ्या मते या विषयातला सर्वांत घातक दोष हाच आहे, कारण येथे मशीन काहीच बोलत नाही. दिवा लागतो, निर्देशांक शून्य दिसतो आणि पहिला टूल जॉबमध्ये नको तेवढा खोल जातो.

कारण असे. बॉल स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात अक्ष सरकतो ते अंतर) १० मिमी आहे आणि मोटर थेट जोडलेली आहे असे धरू. ग्रिड बिंदू दर १० मिमीला येतो. डॉग सुटण्याची जागा दोन ग्रिड बिंदूंच्या साधारण मध्यावर असेल, तर स्विच थोडा आधी किंवा थोडा उशिरा सुटला तरी अक्ष त्याच बिंदूवर थांबेल. पण डॉग सुटण्याची जागा एखाद्या ग्रिड बिंदूला अगदी चिकटून असेल, तर आज स्विच बिंदूच्या आधी सुटेल आणि उद्या, चिपचा एक कण मध्ये आला म्हणून, बिंदूनंतर सुटेल. मग अक्ष पुढचा बिंदू गाठतो आणि होम बरोबर १० मिमी सरकते.

हे तपासायला डायग्नोसिस ३०२ पाहावा. डॉग सुटल्यापासून पहिल्या ग्रिड बिंदूपर्यंतचे अंतर तेथे दिसते. वरच्या उदाहरणात तो आकडा ५ मिमीच्या जवळपास असावा. तो शून्याजवळ किंवा १० मिमीजवळ दिसला, तर डॉग सैल करून काही मिमी सरकवावा, पुन्हा होम घ्यावे आणि आकडा मध्यावर येईपर्यंत असे करावे. डॉग उलट बाजूला सरकवला गेला तर होम पूर्ण एक पिच बदलू शकते, म्हणून हे काम करण्यापूर्वी डायलने किंवा टेबलावर आखलेल्या खुणेने मूळ जागा नोंदवून ठेवावी.

जागा किती सरकली, यावरून कारण ओळखता येते. टेबलावर मॅग्नेटिक स्टँड लावून डायल एखाद्या स्थिर पृष्ठाला टेकवावा आणि पाच-सहा वेळा होम घेऊन वाचन लिहावे. फरक बरोबर एका पिचचा असेल तर तो डॉग आणि ग्रिडचा प्रश्न आहे. फरक काही शतांश मिमीचा आणि दर वेळी वेगळा असेल, तर कपलिंग, स्क्रूची बेअरिंग किंवा नटमधील ढिलेपणा पाहावा. फरक एकाच दिशेला हळूहळू वाढत असेल, तर कपलिंग शाफ्टवर घसरते आहे. या शेवटच्या प्रकारात पॅरामीटर १८५० मध्ये ग्रिड शिफ्ट बदलून जागा जुळवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. ते उद्या पुन्हा घसरणार आहे.

ग्रिड शिफ्ट वापरण्याची रास्त वेळ वेगळी आहे. सर्व्हो मोटर किंवा कपलिंग काढून परत बसवले की एन्कोडरची खूण स्क्रूच्या तुलनेत दुसऱ्याच जागी येते आणि होम एका पिचच्या आत कोठेही सरकू शकते. तेव्हा आधी डायग्नोसिस ३०२ मध्यावर आणावा आणि उरलेला फरक १८५० मध्ये भरावा.

८. ॲब्सोल्यूट एन्कोडर आणि बॅटरी

ज्या मशीनला रोज होम घ्यावे लागत नाही, त्याची आठवण बॅटरीवर चालते. डीएस ०३०७ म्हणजे ती उतरत आली आहे, डीएस ०३०६ म्हणजे ती संपली आहे आणि डीएस ०३०० म्हणजे जागा गेली आहे. पहिला इशारा दुर्लक्षिला जातो, मग दिवाळीची सुट्टी येते, मशीन आठवडाभर बंद राहते आणि कारखाना उघडल्या दिवशी तिसरा अलार्म समोर येतो.

बॅटरी बदलताना मशीनची वीज चालू असली पाहिजे, हे ठळक अक्षरांत लिहून कॅबिनेटच्या दारावर लावावे. वीज बंद करून सेल काढले की एन्कोडरला आधारच उरत नाही. इमर्जन्सी दाबून ठेवावी, कॅबिनेटमध्ये जिवंत वीज आहे याचे भान ठेवून इन्सुलेटेड साधने वापरावीत आणि सेलची दिशा तपासावी. काही मशीनांवर वेगळ्या डबीत चार मोठे अल्कलाइन सेल असतात, काहींवर ॲम्प्लिफायरवरच ६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. कंट्रोलच्या मेमरीची ३ व्होल्टची बॅटरी ही वेगळी; तिच्यासाठी पडद्यावर ‘बॅट’ अशी खूण लुकलुकते. दोन्ही वर्षातून एकदा, तारीख ठरवून बदलाव्यात.

जागा गेलीच असेल तर अक्ष कंपनीने केलेल्या खुणांवर आणून पॅरामीटर १८१५ च्या बिट ४ द्वारे नवे शून्य नोंदवले जाते. त्याची नेमकी पद्धत मशीन बनवणाऱ्याच्या मॅन्युअलप्रमाणेच करावी. पॅरामीटर लिहिण्याची परवानगी दिल्यावर एसडब्ल्यू ०१०० हा अलार्म येतो, त्याने गोंधळू नये; परवानगी काढून ‘कॅन’ आणि रीसेट एकत्र दाबले की तो जातो. खुणाच नसतील, तर हे काम अंदाजाने करू नये. मशीन चांगले चालू असतानाच स्थिर आणि सरकत्या भागांवर समोरासमोर बारीक रेघ आखून ठेवली, तर ही वेळ येत नाही.

झेडचे शून्य बदलले की टूल चेंजची उंचीही बदलते, कारण ती मशीनच्या याच शून्यावरून मोजलेली असते. आर्म आणि स्पिंडल यांची उंची जुळली नाही तर आर्मच वाकतो. म्हणून पहिला टूल चेंज टूल न लावता, मेंटेनन्स मोडमध्ये एकेक टप्पा करून पाहावा. पिच एरर कॉम्पेन्सेशनची (स्क्रूमधील बारीक चुका भरून काढणाऱ्या दुरुस्त्यांची) यादीही होमपासूनच मोजली जाते, त्यामुळे शून्य मूळ जागेपासून लांब गेले तर मापे टेबलाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी येऊ लागतात.

९. सीमेन्सच्या कंट्रोलवर

क्रमांक वेगळे, दोष तेच. १०६२० म्हणजे सॉफ्ट लिमिट आणि २१६१४ म्हणजे हार्ड लिमिट. २०००० म्हणजे ठरलेल्या अंतरात डॉग, म्हणजे रेफरन्स कॅम, सापडला नाही, आणि २०००२ म्हणजे एन्कोडरची शून्य खूण मिळाली नाही. पाचव्या आणि सहाव्या पायरीतला शोध येथेही जसाच्या तसा लागू पडतो. सॉफ्ट लिमिटचे आकडे मशीन डेटा ३६१०० आणि ३६११० मध्ये असतात.

१०. मशीन उत्पादनाला देण्यापूर्वी

कॅबिनेटमध्ये तपासणीसाठी लावलेली जोडतार राहिली आहे का ते पाहावे. पॅरामीटर ३००४ चा बिट ५, जो हार्ड लिमिटची तपासणी बंद करतो, मूळ स्थितीत आहे याची खात्री करावी. १३२० आणि १३२१ छापील यादीशी ताडून पाहावेत. मग हार्ड लिमिट खरोखर काम करते का हे प्रत्येक टोकाला तपासावे. त्यासाठी अक्ष चालवण्याची गरज नाही, स्विच काठीने दाबला तरी अलार्म आला पाहिजे.

त्यानंतर तिन्ही अक्षांचे होम तीन वेळा घ्यावे, डायलचे वाचन आणि प्रत्येक अक्षाचा डायग्नोसिस ३०२ वहीत लिहावा. जी ५४ चे शून्य एज फाइंडरने एकदा पुन्हा शोधून जुन्या आकड्याशी जुळते का ते पाहावे. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून, ‘उरलेले अंतर’ दाखवणाऱ्या स्तंभावर नजर ठेवून चालवावा. टूल जॉबपासून दोन बोटे वर असताना पडद्यावर शिल्लक अंतर ८० मिमी दिसत असेल, तर फीड होल्ड दाबण्याची वेळ तीच.

शिफ्ट बदलताना वहीतली ही नोंद पुढच्या माणसाच्या हातात द्यावी आणि पॅरामीटर लिहिण्याची परवानगी बंद आहे हे त्याला पडद्यावर दाखवून मगच घरी जावे.